कासवाचं तोंड उघडेपर्यंत: घरच्या घरी मुलांसोबत ॲनिमेशन

मे महिन्यात नागपुरात सकाळचे अकरा वाजले की पोरांना बाहेर सोडायची सोय नाही. पारा पंचेचाळीसला टेकलेला, घरात भाचरं-पुतणे गोळा झालेले आणि टीव्हीच्या रिमोटवरून मारामाऱ्या. शहराच्या महाल भागातल्या आमच्या घरात त्या दुपारी आम्ही गोष्टीची फिल्म करतो. एक फोन, कार्डशीट, कात्री, तेलाचे दोन रिकामे पिपे आणि पंचतंत्रातली एक गोष्ट, एवढ्यात काम भागतं.

गोष्ट निवडताना शिकवण पाहू नका, हालचाल पाहा. माकड आणि मगरीची गोष्ट सगळ्यांना आवडते, पण ती जवळजवळ सगळी बोलण्यात आहे. प्रत्येक वाक्याला ओठ हलवत बसलात तर पोरं तासाभरात उठून जातील. त्यापेक्षा पंचतंत्राच्या ‘मित्रभेद’ या भागातलं कासव घ्या. तळं आटतं, संकट आणि विकट हे दोन हंस काठी चोचीत धरतात, कंबुग्रीव कासव ती मधोमध दातओठ खाऊन पकडतं, खालचे लोक ओरडतात, कासव उत्तर द्यायला तोंड उघडतं, संपलं. अख्खी गोष्ट एका जबड्यावर उभी आहे. आटलेलं तळं कोणतं, ते पोरांना ठरवू द्या. आमच्याकडे गांधीसागर ठरलं.

आधी आगपेटीतल्या काड्यांवर हात बसवा. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ अशाच काड्या थोड्या-थोड्या सरकवून केली होती, हे सांगितलं की मोठ्या पोरांना जरा भाव चढतो. काडी किंचित सरकवायची, फोटो घ्यायचा, पुन्हा सरकवायची. मग फोटो ओळीने भराभर दाखवले की काडी आपोआप चालताना दिसते. सेकंदाला बारा फोटो धरा, म्हणजे एका मिनिटाला ७२०. आकडा ऐकून घाबरू नका, पाच जणांत भराभर होतात. फोनवर ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’ हे ॲप घेतलंत तर आधीचा फोटो पुसटसा दिसत राहतो, त्यामुळे पुढे किती सरकवायचं याचा अंदाज येतो.

मांडणी जमिनीवरच बरी. पिपे दोन बाजूंना उभे करा, त्यांवर अडीच फुटी दोन लाकडी पट्ट्या आडव्या टाका. फोन पट्ट्यांवर स्क्रीन वर करून आडवा ठेवा, मागचा कॅमेरा मधल्या फटीत आणा आणि टेपने घट्ट चिकटवा. खाली ए-थ्री आकाराची कार्डशीट बरोबर मावते. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर नेमका गॅसवाल्याचा फोन येतो, फोन थरथरतो आणि चौकट हलते. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा. बटणाला हात लागला तरी फोन हलतोच. बऱ्याच फोनांत वायरच्या इयरफोनचं आवाजाचं बटण दाबूनही फोटो निघतो, ते वापरा.

खरी कटकट उजेडाची. खिडकीतलं ऊन सरकत जातं आणि फिल्म पाहताना चित्र लुकलुकतं. पडदे ओढा, डावीकडे एकच एलईडी दिवा ठेवा आणि शेवटच्या फोटोपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. कपड्यांवरही लक्ष असू द्या. लाल फ्रॉकवाली पोरगी कागदावर वाकली की पांढरा कागद गुलाबी होतो. कूलर बंद ठेवायला सांगायची माझी हिंमत नाही, पण त्याचं तोंड दुसरीकडे वळवा आणि कार्डशीटमधून कापलेल्या प्रत्येक चित्राच्या पाठीला रुपयाचं नाणं चिकटवा. क्लेची चित्रं मात्र या गरमीत करूच नका, कासव दुपारपर्यंत पसरतं.

उडण्याची युक्ती सोपी आहे. हंस जागेवरच ठेवा, खालचं गाव सरकवा. कागद जोडून चार फुटी पट्टी करा, तिच्यावर पोरांना नागपूर काढू द्या: झिरो माइलचे चार घोडे, दीक्षाभूमीचा घुमट, सीताबर्डीचा किल्ला, मेट्रो. दर फोटोला पट्टी अर्धा सेंटिमीटर ओढली की तेरा-एक सेकंदांचं उड्डाण मिळतं. हंसांना तीन पंख पुरेत, वर, मध्ये आणि खाली, आलटून-पालटून. धाकट्याकडे क्लिक द्या, मोठ्यांकडे सरकवणं, आणि एकाने फक्त “हात बाहेर!” ओरडायचं. हे पद सगळ्यांना हवं असतं.

आता तो जबडा. लोक ओरडतात, “अरे पाहा बे, कासव उडून राहिलं!” त्यानंतर लगेच तोंड उघडू नका. बारा-पंधरा फोटो सगळं थांबवा, फक्त कासवाची बुबुळं खाली सरकवा. मग भुवई. मग गाल फुगलेलं दुसरं डोकं लावा. पाहणारी पोरं इथेच “नको, नको” म्हणायला लागतात. तेव्हा कुठे जबडा: “काऊन बोंबलता...” वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही. पडताना पहिल्या फोटोत अर्धा सेंटिमीटर, मग एक, दोन, चार. सारखं अंतर ठेवलंत तर ते पडत नाही, लिफ्टमधून उतरतं.

मूळ कथेत कासव मरतं. एखादं पोर त्याला खाली गादी ठेवायचा हट्ट धरेलच. मी ठेवू देत नाही. पण आपटलेलं कासवही दाखवत नाही. काठी चोचीत धरलेले दोन हंस तसेच पुढे जातात, मधे कोणी नसतं. आणि ‘तात्पर्य’ अशी पाटी शेवटी लावू नका. आजी-आजोबांना ती हवी असते, त्यांना आवाजाच्या कामाला लावा.

आवाज शेवटी घ्या, तेवढ्यापुरता कूलर बंद. पंखांसाठी वर्तमानपत्र फडफडवा, आपटण्यासाठी भिजवलेल्या कणकेचा गोळा परातीत टाका. गाणं सिनेमातलं उचलू नका, घरात हार्मोनियम नाहीतर डफडं असेलच.

एक फिल्म झाली की पोरं लगेच दुसरी मागतात. ती पोळ्यापर्यंत थांबवा. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घरोघरी माळ्यावर असतातच. त्यांना चाकं असतात, म्हणून ते सरळ रेषेत छान सरकतात, आणि त्यांना नाणीही चिकटवावी लागत नाहीत.