परदेशी निधीचं अ‍ॅप गावात नेण्याआधी: भेटीगाठींची तयारी

निधी मंजूर झाला की सगळ्यांना स्क्रीन डिझाइन करायची घाई होते. त्याआधी एक वही उघडा आणि चार रकाने आखा: माहिती कोण भरणार, कोण तपासणार, ती कोणाच्या टेबलावर जाणार आणि तिच्यामुळे कोणतं रजिस्टर बंद होणार. चौथा रकाना रिकामा राहिला तर पुढे जाऊ नका. तो रिकामा असणं म्हणजे गावातली बाई तेच आधी कागदावर लिहिणार आणि मग मोबाइलवर भरणार.

पोषणाचं काम असेल तर पहिली भेट अंगणवाडी सेविकेची घ्या, आणि त्या भेटीत लॅपटॉप बॅगेतच राहू द्या. सकाळी हजेरीच्या वेळेला जा आणि आहार वाटून होईपर्यंत बसा. वजन घेताना रडणाऱ्या पोराला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने ती आकडा कुठे टिपते, ते नीट बघा. बऱ्याचदा तो आधी एखाद्या चिठ्ठीवर उतरतो आणि रजिस्टरमध्ये दुपारी जातो. तुमच्या अ‍ॅपला तो दुपारीच मिळणार, हे धरूनच काम करा. तिचा फोन कोणता, रिचार्ज कोण मारतं, रेंज कुठे मिळते, हे तिथेच विचारून घ्या. रजिस्टरच्या पानाचा फोटो हवा असेल तर तिला विचारून, मुलांची नावं झाकून घ्या.

अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या संघटनांचं नाव बहुतेक प्रकल्पांच्या भेटींच्या यादीत नसतं, आणि ही मला सर्वांत गंभीर उणीव वाटते. अंगणवाडीच्या नोंदी मोबाइलवर ठेवणारी आयसीडीएस-कॅस ही प्रणाली गेट्स फाउंडेशनच्या मदतीने उभी राहिली होती. तिच्या जागी २०२१ मध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप आलं. त्याच वर्षी महाराष्ट्रात हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन तापतात, मेमरी पुरत नाही, अ‍ॅप इंग्रजीत आहे, या त्यांच्या तक्रारी होत्या. यातली प्रत्येक गोष्ट आधी कळण्यासारखी होती. संघटनेच्या ताईंना सुरुवातीलाच भेटा, कच्चं अ‍ॅप त्यांच्या हातात द्या आणि ‘हे चालणार नाही’ असं उत्तर आलं तर ते ऐकायला मोकळा वेळ ठेवा. आशा सेविकांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न न्या: त्यांना कामागणिक मोबदला मिळतो, मग नोंदी करण्यात जाणाऱ्या वेळेचे पैसे कोण देणार?

जिल्हा परिषदेत पत्राच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्क्यासह पोच घ्या. साहेबांइतकाच वेळ टेबलावरच्या लिपिकाला द्या; बदल्यांच्या मोसमात साहेब जातील, फाइल कुठे आहे ते त्यालाच ठाऊक असेल. सध्या कोणकोणती अ‍ॅप चालू आहेत तेही विचारा. युगांडात देणगीदारांचे सुटे सुटे प्रायोगिक प्रकल्प इतके वाढले की २०१२ मध्ये आरोग्य मंत्रालयाला मंजुरीशिवायचे ई-आरोग्य प्रकल्प थांबवायला सांगावं लागलं.

ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय, ते लोक आज काय विचारायला येतात याची नोंद ठेवा. वारणा परिसरात १९९८ मध्ये ७० गावांना संगणक केंद्रांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी तिथे बसून पाहिलं, तर शेतकरी मुख्यतः उसाचं वजन, खत आणि बिलासाठी येत होते. मग संशोधकांनी सात गावांत संगणकाच्या जागी एसएमएसवर तेच काम करून दाखवलं.

देणगीदाराशी बोलताना दोनच गोष्टी पक्क्या करा. निधी संपल्यावर सर्व्हरचं बिल कोण भरणार, हे लेखी घ्या. आणि पैसे कोणत्या संस्थेच्या खात्यात येणार तेही आत्ताच ठरवा, कारण एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. गावातल्या छोट्या सहकारी संस्थेला ‘आमच्याकडून पैसे मिळतील’ असा शब्द त्याआधी देऊ नका.

संमतीपत्र आधी मोठ्याने वाचून बघा. धडगावात ते पावरीत आणि मेळघाटात कोरकूत सांगणारी व्यक्ती शोधा, आणि तिला मानधन द्या. आईने ‘नको’ म्हटलं तर पोराचा आहार थांबणार नाही, हे वाक्य त्यात ठळक हवं.

बैठकीची तारीख ठरवताना लसीकरणाचा वार, मार्च एंड, पोळा आणि पेरणीचे दिवस टाळा. लांबून आलेल्या सेविकांचा प्रवासखर्च त्याच दिवशी हातात द्या, आणि शेवटच्या एसटीची वेळ बघूनच बैठक संपवा.