शाळेत शिकवायला जाण्यापूर्वी: रासेयो स्वयंसेवकांसाठी तयारीची यादी

राष्ट्रीय सेवा योजनेत (रासेयो) वर्षाला 120 तासांची सेवा अपेक्षित असते. त्यांतले काही तास जवळच्या जिल्हा परिषद शाळेतील मुलांना शिकवण्यासाठी द्यायचे असतील, तर आधी दिनदर्शिका पुढ्यात घेऊन बसावे. आपल्या सत्र परीक्षा, शाळेच्या परीक्षा, दिवाळीची सुट्टी आणि सात दिवसांचे विशेष शिबिर वगळून जे आठवडे उरतील, तेवढेच मुख्याध्यापकांना सांगावेत. आठवड्यातून दोनदा एक तास, असे सोळा आठवडे म्हणजे 32 तास होतात. आकडा लहान असला तरी 'वर्षभर येऊ' असे सांगून ऑक्टोबरनंतर फिरकायचे नाही, त्यापेक्षा तो बरा. न आलेल्या ताईची चौकशी मुले बरेच दिवस करत राहतात.

रासेयोच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या सहीचे पत्र, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि वर्गशिक्षकांशी ठरवलेली वेळ, एवढे कागदोपत्री काम पुरे. वेळ पोषण आहाराच्या सुट्टीतली मात्र नसावी.

मुलाची इयत्ता विचारून पुस्तक उघडू नये. आधी त्याला काय वाचता येते ते पाहावे. त्यासाठी एका कागदावर सुटी अक्षरे, दुसऱ्यावर साधे शब्द, तिसऱ्यावर पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि चौथ्यावर दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून न्यावी. मुलांना वाचता-लिहिता किती येते हे पाहणाऱ्या 'असर' या देशव्यापी पाहणीतही वाचन साधारण याच पायऱ्यांनी तपासतात. पाचवीतले मूल शब्दांवरच अडले, तर आपले काम शब्दांपासून सुरू होते.

गणिताची तयारी अधिक बारकाईने करावी, कारण आपल्याला सोपे वाटते तेच तिथे अवघड असते. 'एकवीस' म्हणताना एक आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी येतो, म्हणून मूल 12 लिहिते. 'एकोणपन्नास' ऐकून 59 लिहिणारे मूलही निष्काळजी नसते, त्याने त्या शब्दातले 'पन्नास' नीट ऐकलेले असते. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 2019 साली 'वीस एक' असे वाचन सुचवले गेले, तेव्हा मोठा वाद झाला. त्यात बाजू कोणतीही घेतली तरी मुलांची अडचण खरीच आहे. म्हणून खराट्याच्या सारख्या कापलेल्या पन्नास काड्या आणि रबरबँड सोबत ठेवावेत, दहा-दहाचे पाच गठ्ठे मुलांकडूनच बांधून घ्यावेत आणि एका गठ्ठ्यातली एक काडी काढायला लावून उरलेले दशक आणि सुटे मोजायला सांगावेत.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. 'ढ' म्हणून हिणवणेही आपल्या तोंडी येता कामा नये. एकट्या मुलासोबत बंद खोलीत बसू नये आणि पालकांच्या संमतीशिवाय मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत. 'कुणाला सांगणार नाही' असे वचन तर मुळीच देऊ नये, कारण लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे 2012च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

त्याच वहीत प्रत्येक मुलासाठी एक पान राखावे, त्यावर तारीख, त्या दिवशी जमलेले आणि अडलेले एवढेच टिपावे, आणि शेवटच्या तासाला ती वही वर्गशिक्षकांच्या हाती द्यावी.