मृगाआधी जुन्या ट्रॅक्टरचे ब्रेक ड्रम उघडा

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास लागतो. गोराई-मनोरीकडच्या खाचरांत अजून जुना मॅसी फर्ग्युसन ३५ चालवणाऱ्यांनी मे महिन्यातच मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक उघडून पाहावेत. चिखलणी सुरू झाली की चाक काढायला ना कोरडी जागा मिळते, ना सवड.

ब्रेक धरत नाही म्हटलं की आपण अ‍ॅडजस्टर आवळून मोकळे होतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. एकदा पोत्यांनी भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर मागच्या दोन चाकांची दोन्ही ब्रेक पेडल एकत्र दाबली, तर ट्रॅक्टर गपकन उजवीकडे ओढला गेला. ड्रम उघडल्यावर दिसलं, डावा लायनर, म्हणजे ब्रेक शूवरची ड्रमला घासणारी पट्टी, रिबिटापर्यंत झिजला होता. बांधाशी मी कायम डावीकडेच वळायचो, एका चाकाचा ब्रेक दाबून. शेतात हे लक्षात येत नाही. रस्त्यावर दोन्ही पेडल जोडून दाबली की कळतं. म्हणून दोन्ही बाजू उघडा, एकच नाही.

जमीन सपाट आणि टणक हवी. पुढच्या चाकांना आणि जमिनीवर राहणाऱ्या मागच्या चाकाला दोन्हीकडून ठोकळे लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एक बाजू जॅकने उचलून धुरेखाली भक्कम लाकडी ओंडका द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाक काढू नका. टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर चाक फार जड होतं, दोन-तीन माणसं लागतातच. ड्रमचे दोन स्क्रू गंजले असतील तर रात्रभर तेल सोडून ठेवा.

आतली धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि ते फुप्फुसात गेलं की निघत नाही. तोंडाला मास्क बांधून ओल्या फडक्याने पुसा. लायनर तेलकट, काळा दिसला तर धुरेचं ऑइल सील गेलेलं आहे. आधी सील बदला, मग लायनर. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन उपयोग नाही, तापला की तेल पुन्हा वर येतं. नवे लायनर दोन्ही चाकांना एकाच वेळी, एकाच जातीचे घाला. खाऱ्या वाऱ्याने ड्रमवर आलेला हलका गंज पॉलिश पेपरने जातो. नख अडकेल इतक्या खोल रेघा असतील तर ड्रम लेथवर न्या. शू सरकतात तिथे ग्रीसचं बोट पुरे. लायनरला ग्रीस लागता कामा नये.

जोडणी झाल्यावर चाक चढवा. मागच्या प्लेटच्या खाचेतून पेचकसने अ‍ॅडजस्टर फिरवत चाक हाताने फिरेनासं करा, मग हळूहळू सैल करत ते कुठेही न घासता मोकळं फिरेपर्यंत आणा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. त्यानंतर दोन्ही पेडल सारख्याच उंचीवर धरतात का ते पाहा, फरक असेल तो पेडलपासून ब्रेकपर्यंत जाणाऱ्या दांड्यांवर काढा.

शेवटी रिकाम्या मैदानात पेडल जोडून, सावकाश चालवत एकदम ब्रेक दाबा. मातीवर दोन्ही चाकांच्या खुणा सारख्या उमटल्या नाहीत तर जास्त धरणारी बाजू किंचित सैल करून पुन्हा बघा. पावसात चिखलातून बाहेर आलात की रस्त्यावर चढण्याआधी थोडं अंतर पेडल हलकेच दाबून चालवा, म्हणजे लायनर सुकतील.