मूर्तीवरून फिगर ड्रॉइंग करताय? या चुका टाळा

नाक-डोळे, दागिने, सगळं हुबेहूब उतरतं, आणि तरी फिगर आत्ता पडेल असं वाटतं. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या अजब बंगल्यात (म्हणजे १८६३ पासूनचं आपलं मध्यवर्ती संग्रहालय) स्केचबुक घेऊन बसणार असाल, तर शेडिंग नंतर. आधी भार कुठल्या पायावर आहे ते बघा.

गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडल्यासारखी उभी रेघ मारा. समोरून पाहताना मूर्ती एका पायावर रेललेली असेल, तर रेघ त्याच पायाच्या घोट्याजवळ उतरते. तुमच्या चित्रात ती भलतीकडे गेली की फिगर कलंडलीच. भाराच्या बाजूची कंबर वर चढते, खांदा बहुधा खाली येतो. ग्रीक पुतळ्यांतही हेच दिसतं. आपल्या त्रिभंगात (अंगाला तीन बाक असलेली उभी मुद्रा) मानेचा कल आणखी ठळक असतो. म्हणून कंबर, धड, डोकं यांचे तीन तिरके अक्ष आधी हलक्या हाताने टाका. आणि तोल चुकला की लगेच पाय खोडत बसू नका. दोष बहुतेकदा कमरेच्या रेघेत असतो, ती सुधारली की पाय जागेवर येतो.

मूर्तीच्या उंचीचं ‘नवताल’ माप म्हणजे नऊ डोकी, असं समजणारे फिगरचा बांबू करून ठेवतात. ताल म्हणजे चेहरा, केसांच्या कडेपासून हनुवटीपर्यंत: १२ अंगुळं. नऊ ताल, १०८ अंगुळं. पूर्ण डोक्याने मोजलं तर हीच उंची साडेसातच्या आतबाहेर भरते. मुकुट यात धरायचा नाही. शिवाचे सेवक गण मात्र मुद्दाम ठेंगणे कोरलेले असतात, त्यांना हे माप लावू नका.

रामटेकचा केवल नरसिंह पाहिलाय? वाकाटक राजांच्या काळातल्या अशा शिल्पात अंग भरीव आणि गोल असतं, स्नायू वेगळे कोरून दाखवलेले नसतात. त्यावर जिममधले ॲब्स चढवले की चित्र ना इकडचं ना तिकडचं. माझ्या मते मूर्तीचा जीव घालवणारी हीच चूक.

फोटोवरून काढणार असाल तर मूर्तीला चिकटून फोटो घेऊ नका. डोकं मोठं, पाय बारके येतात. उंचीच्या तिप्पट मागे सरका, मग झूम करा.

दगड काळा आहे म्हणून कागद काळा करायचा नसतो. डोळे बारीक करून बघा, दगडाचा रंग मधला टोन धरा, गडद फक्त सावलीसाठी राखा. दालनात दिवे चार असले तरी सावली एकाच दिव्याची घ्या. आणि मे महिन्यात हाताखाली कोरा कागद ठेवा, नाहीतर घामाने चारकोल पुसलाच समजा.