मागचे पाटे वाढवायचेत? आधी गाडी काट्यावर न्या

खांदशेकणीच्या दिवशी आमच्या घरी बैलांच्या खांद्याला तूप-हळद लागते. आता एकच जोडी उरली आहे, म्हणून त्या संध्याकाळी मी बॅटरी घेऊन पिकअपखालीही शिरतो. वर्षभराचं ओझं तिनंच ओढलेलं असतं. यंदा उजवीकडच्या कमानीत (मागच्या चाकावरचं ओझं पेलणारा, एकाखाली एक लावलेल्या पोलादी पट्ट्यांचा म्हणजे पाट्यांचा संच) मेन पाट्याखालचा दुसरा पाटा टोकापासून वीतभर आत चिरलेला दिसला. चीर आतून गंजलेली होती, म्हणजे जुनीच. तेव्हाच ठरवलं, या खेपेला पाटे नीट हिशोब करून वाढवायचे.

गाडी फोर बाय फोर, सात वर्षांची. आंबिया बहारात शेतातून संत्र्याचे कॅरेट पांदणीनं डांबरी रस्त्यापर्यंत काढायचे, आणि बाकी वर्षभर परतवाड्याहून घटांग, सेमाडोह करत धारणीकडे किराणा, पाइप, बियाणं न्यायचं, एवढंच तिचं काम.

चार वर्षांपूर्वी ती मागून बसायला लागली तेव्हा एका गॅरेजवाल्यानं "दोन पाटे टाकून देतो, मग बघायचंच नाही" म्हटलं आणि मी हो म्हटलं. गाडी रुबाबात उभी राहिली. पहिल्याच पावसात पांदणीत नाल्याच्या उतारावर डावं मागचं चाक हवेत लटकलं. पाटे इतके कडक झाले होते की चाक खाली उतरेचना. डिफरन्शियलला (दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरला) लॉक नसलं की ताकद हलक्या चाकाकडे पळते. ते गरगर फिरत राहिलं, बाकीची चाकं काळ्या मातीत जागच्या जागी. शेवटी बैलांनीच गाडी ओढून काढली. बाबा धुऱ्यावर उभे राहून म्हणाले, "फोर बाय फोर म्हणते अन् बैल लागते!" गावात अजून हे वाक्य फिरतं.

म्हणून पाना हातात घेण्याआधी टेप घ्या.

हाऊसिंग (मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा लोखंडी खोका) आणि चॅसिसखालचं ठोकर रबर यांच्यात किती जागा आहे ते गाडी रिकामी असताना सपाट जागी दोन्ही बाजूंनी मोजा. मग रोजचा माल भरून पुन्हा मोजा. रोजचा म्हणजे रोजचा. दिवाळीत एकदा टाकला होता तो नाही. त्याच दिवशी जिनिंगच्या काट्यावर फक्त मागची चाकं चढवून वजन घ्या, रिकामं आणि भरलेलं. माझे आकडे असे: मागच्या चाकांवर रिकामं ७८० किलो, ४५ कॅरेट भरून १,६३० किलो. म्हणजे ८५० किलो वाढले, एका बाजूला ४२५. रबराची जागा साडेचार इंचांवरून पाऊण इंचावर आली, म्हणजे गाडी पावणेचार इंच बसली. ४२५ भागिले ३.७५, इंचाला साधारण ११३ किलो. हा तुमच्या पाट्याचा कडकपणा. हा आकडा हाती असला की दुकानात कोणी काहीही गळ्यात मारू शकत नाही.

माझ्या ड्रायव्हर बाजूला रिकाम्या गाडीतही जागा अर्धा इंच कमी होती (वरचा हिशोब डाव्या बाजूचा). रिकामी गाडी एका अंगाला झुकत असेल तर पोलाद थकलंय किंवा पाटा तुटलाय. अशा वेळी वर नवीन पाटा चढवणं म्हणजे मोडक्या खाटेवर दुसरी गादी. आधी थकलेला संच बदला. चिरलेल्या पाट्याला वेल्डिंग तर चुकूनही नको. पाट्याच्या पोलादाला पाणी दिलेलं असतं, वेल्डिंगच्या उष्णतेनं ते उतरतं आणि पुढच्या खड्ड्यात जोडाशेजारीच तुटतं.

आता किती वाढवायचं? जाडी फसवी असते. बाकी मापं तीच ठेवून ८ मिमीऐवजी १० मिमीचा पाटा घेतला तर तो सव्वापट नाही, जवळजवळ दुप्पट कडक होतो, कारण हिशोब जाडीच्या घनाचा आहे. माझ्याकडे ८ मिमीचे पाच पाटे. तसलाच सहावा टाकला तर ढोबळमानानं २० टक्के वाढ, १० मिमीचा टाकला तर ३९ टक्के. परतवाड्यातल्या कमानवाल्या चाचांना आकडे दाखवले तर ते खूश झाले. म्हणाले, "लोक येते अन् म्हनते कडक करून द्या. वजन कोनीच नाही सांगत." त्यांनीच सुचवलं: पाच पाट्यांचा नवा संच मूळ कमानीचा ठेवा आणि सगळ्यात खाली १० मिमीचा जवळपास सरळ हेल्पर पाटा द्या, जो गाडी दीड इंच बसल्यावरच टेकेल. रिकामी असताना त्याचं अस्तित्वच नाही. चाक नाल्यात हवं तेवढं खाली उतरतं. माल भरला की तो खांदा देतो. हिशोबानं गाडी तीन इंचांच्या थोडी वर बसायला हवी होती, प्रत्यक्षात सव्वातीन बसली. पांदणीत फिरणाऱ्या गाडीला माझ्या मते हाच प्रकार बरा. नुसत्या डांबरी रस्त्याची गाडी असेल तर सरळ एक ८ मिमीचा वाढवा, भानगड नको.

खरेदी करताना पाट्याची रुंदी मोजून घ्या आणि सेंटर बोल्टपासून (सगळे पाटे एकत्र धरणारा मधला बोल्ट) पुढचं टोक, मागचं टोक वेगवेगळं मोजा. बऱ्याच गाड्यांत हे भोक मधोमध नसतं. पाटा उलटा बसला तर हाऊसिंगच पुढे-मागे सरकतं. मी जुना संच काढण्याआधीच पुढच्या बाजूला पांढऱ्या ऑइल पेंटचा ठिपका दिला होता. संच हाऊसिंगला आवळून धरणारे यू बोल्ट आणि त्यांचे नट नवेच घ्या. जुने ताणलेले असतात. पाटा जाड झाला म्हणजे यू बोल्टही तेवढाच लांब लागतो. टोकांचे रबरी बुश आणि शॅकलच्या (पाट्याचं मागचं टोक चॅसिसला जोडणारी झुलती कडी) पिनाही याच वेळी बदला.

बसवणं तसं अवघड नाही, जड आहे. आदल्या रात्री सगळ्या नटांना डिझेल पाजून ठेवा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून मोठे दगड लावा, कारण मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा उपयोग नाही. चॅसिस लोखंडी घोड्यांवर टेकवा. विटांवर नको, वीट न सांगता फुटते. हाऊसिंगखाली वेगळा जॅक हवा. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे हाऊसिंग फिरत नाही. आणि संच सुटा करताना सेंटर बोल्टच्या दोन्ही अंगांना शिकंजे घट्ट आवळल्याशिवाय नट सैल करू नका. कमान दाबलेली असते, सुटली तर बोटं जातात. चाचांच्या डाव्या हाताची दोन बोटं नीट वळत नाहीत, कारण मी विचारलं नाही.

नवा संच वर घेताना सेंटर बोल्टचं डोकं हाऊसिंगच्या भोकात बसलंय का ते बोटानं चाचपा. अर्धवट बसलं तर यू बोल्ट आवळले जातात, पण गाडी तिरकी चालते. यू बोल्ट कर्णानं, थोडे थोडे करून आवळा. पुढची पिन आणि शॅकलचे नट मात्र आत्ता हातानंच ठेवा. गाडी चाकांवर उतरवून, दोनदा हलवून, मग शेवटचं आवळा. नाहीतर रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो आणि दोन महिन्यांत फाटतो. उतरवल्यावर शॅकल बघा: माल भरल्यावर पाटा सरळ होऊन लांबतो, तेव्हा शॅकलला मागे झुलायला जागा हवी. शेवटी पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांतलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा, सारखं भरलं पाहिजे.

एक गोष्ट गॅरेजात बहुतेकदा राहून जाते. कित्येक पिकअपमध्ये हाऊसिंगपासून चॅसिसवरच्या ब्रेक व्हॉल्व्हपर्यंत एक दांडी जाते. मागची बाजू किती बसली यावरून तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. पाटे कडक झाले की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. घटांगच्या उतारावर हे कळून उपयोग नाही. दांडीचं सेटिंग जाणत्या मेकॅनिककडून करून घ्या, ब्रेकचा होज आणि हँडब्रेकची केबल चाक पूर्ण खाली लटकवून ताणत नाही ना तेही तेव्हाच पाहा.

पाटे वाढले म्हणून आरसी बुकातलं वजन वाढत नाही, हे मात्र लक्षात असू द्या. ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००.

पहिले ५० किलोमीटर झाले की यू बोल्ट पुन्हा आवळायचे, नंतर ५०० ला. मी धारणीची एक फेरी करून आलो आणि संध्याकाळी पाना लावला. आठपैकी पाच नटांनी पाव-पाव फेरा घेतला. रविवारी पुन्हा खाली शिरणार आहे.