कधीच नसलेला ट्रॅकर-संगीतकार कसा उभा करावा

ट्रॅकर म्हणजे सँपल (ध्वनीचे छोटे तुकडे) ओळींच्या तक्त्यात मांडून गाणं रचायचा प्रोग्राम. त्यावर गाणी रचणाऱ्या काल्पनिक संगीतकाराचं नाव, गाव, वय पाच मिनिटांत ठरवा आणि पुढे चला. 'आधी चरित्र लिहा' हा सल्ला देणाऱ्यांनी एकही फाईल पूर्ण केलेली नसते. डेमोसीनमध्ये, म्हणजे संगणकावर चित्र-संगीताचे छोटे कार्यक्रम बनवणाऱ्या हौशी मंडळींत, सगळेच टोपणनावानं वावरायचे. 'पर्पल मोशन', 'स्केवन' या संगीतकारांची खरी नावं किती जणांना ठाऊक होती? माझा काल्पनिक पोरगा फिनलंडमधल्या ओउलूचा, साल 1992, घरात अमिगा 500 हा संगणक. एवढं पुरतं.

मग प्रोट्रॅकर हा अमिगावरचा ट्रॅकर: चार चॅनल, 64 ओळींचा पॅटर्न (गाण्याचा एक तुकडा), 31 सँपल. त्याची फाईल .मॉड; आज ओपनएमपीटी या ट्रॅकरमध्येही ती बनते.

खरी गोची फाईलच्या स्वरूपाची आणि सँपलची. पहिल्या खेपेला मी 1992 सांगून .एक्सएम फाईल दिली. ते स्वरूप फास्टट्रॅकर 2 या नंतरच्या ट्रॅकरबरोबर 1994 साली आलं! एका जुन्या खोडानं ते लगेच पकडलं आणि माझा संगीतकार जन्मतःच मेला. दुसऱ्या खेपेला .मॉड केली, पण आतले ड्रम आजच्या स्टुडिओतले, लांबलचक घुमणारे. फाईल 3 एमबीची झाली. अमिगाची फ्लॉपीच 880 केबीची, आणि 2400च्या मोडेमवर 150 केबी उतरायला दहा मिनिटांच्या वर लागायची. एवढा वेळ फोन अडवून ठेवला तर घरचे ओरडणारच.

म्हणून आता माझा नियम: सगळं मिळून 150 केबी, सँपल 8 बिटचेच. किक ड्रमची शेपटी निर्दयपणे कापा. लांब सुरासाठी एकच लहर 32 बाइटची घेऊन लूप करा. कॉर्डचं सँपल वापरू नका. सुराशेजारी 037 ही आज्ञा लिहा, तीन सुरांची थरथर एकाच चॅनलवर मिळते. रिव्हर्ब तर अजिबात नको. प्रतिध्वनी हवा तर तोच सूर दुसऱ्या चॅनलवर तीन ओळी उशिरा, सी18 ही आवाज कमी करायची आज्ञा लावून हळू वाजवा. पहिला-चौथा चॅनल डावीकडे आणि दुसरा-तिसरा उजवीकडे जातो. हेडफोनमध्ये ते तिरपागडं वाटतं, तरी सुधारायला जाऊ नका. अमिगा तशीच वाजते.

चरित्र लिहायची हौस आता भागवा. प्रत्येक सँपलच्या नावाला 22 अक्षरांची जागा असते, आणि त्या काळची पोरं तिथे नमस्कार, भांडणं, पत्ते, काय वाट्टेल ते लिहायची. तिथे देवनागरी चालत नाही, तेव्हा मोडक्या इंग्रजीतच लिहा. माझ्या पोराच्या सातव्या सँपलचं नाव मराठीत सांगायचं तर 'आई म्हणते बंद कर', आठव्याचं 'फक्त हा बास'. नववं रिकामं.

फाईल बाहेर सोडण्याआधी ते हँडल (टोपणनाव) मॉड आर्काइव्ह या ट्रॅकर-गाण्यांच्या ऑनलाइन संग्रहात शोधून बघा, आणि पात्र काल्पनिक आहे हे वर्णनात लिहा. माझं दुसरं हँडल एका खऱ्या माणसाचं निघालं होतं. शीर्षकाच्या 20 अक्षरांसकट सगळं पुन्हा टंकावं लागलं.