तेल्या फवारणीने का थांबत नाही? डाळिंब बागेतल्या या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यात सप्टेंबरचा पाऊस जोराचा असतो आणि नेमकी तेव्हाच मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांवर धरलेली) फळं लिंबापासून पेरूएवढी झालेली असतात. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर, मोहोळ या पट्ट्यात तेल्याचा मोठा दणका याच दिवसांत बसतो. मग आठवड्याला दोन फवारे सुरू होतात, खर्च वाढत जातो आणि डाग काही थांबत नाहीत. थांबणार तरी कसे? चूक सप्टेंबरमध्ये झालेलीच नसते. ती मागच्या विश्रांतीत (काढणीनंतर पुढचा बहार धरेपर्यंतच्या काळात) आणि छाटणीत झालेली असते.

तेल्या हा झॅन्थोमोनास जातीच्या जिवाणूचा रोग आहे. जिवाणू पानांच्या रंध्रांतून आणि जखमांतून आत शिरतो, काडीवरच्या डागात आणि खाली पडलेल्या पानांत महिनोन्महिने टिकतो, आणि पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर पुढच्या झाडावर जातो. ताम्रयुक्त औषध पानाच्या पृष्ठभागावर काम करतं. आत शिरलेल्या जिवाणूपर्यंत ते पोहोचत नाही. सगळं व्यवस्थापन या एका गोष्टीवर उभं आहे: पावसाआधी फवारलेलं तांबं उपयोगी पडतं, डाग दिसल्यावरचं तांबं फक्त शेजारची निरोगी पानं वाचवतं.

प्रत्येक काळा डाग तेल्या समजणे

पान उजेडासमोर धरा. तेल्याचा डाग तेल सांडल्यासारखा पारदर्शक, ओलसर दिसतो आणि भोवती पिवळी कडा असते. फळावर डाग वाढला की तिथे इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखी चीर पडते. काडीवर, विशेषतः पेराजवळ, काळपट डाग पडून काडी तिथेच मोडते. सर्कोस्पोरासारख्या बुरशीच्या डागात हा तेलकटपणा नसतो. निदान चुकलं की बुरशीनाशकाचे चार फवारे वाया जातात आणि तेवढ्या वेळात तेल्या पसरतो. शंका असेल तर डाग असलेली पानं आणि काड्या घेऊन केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र गाठा. संशोधन केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे, त्याचा उपयोग करून घ्या.

बागेला विश्रांती न देणे, कचरा बांधावर टाकणे

आमच्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. फळं उतरवली की लगेच पुढच्या बहाराची घाई होते. झाडाला 3 ते 4 महिने विश्रांती हवी. छाटणीत डाग असलेली काडी डागाच्या 2 इंच खालून कापा. प्रत्येक झाडानंतर कात्री 2.5 टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा. दोन कात्र्या ठेवल्या तर एक द्रावणात आणि एक हातात राहते, मजुरांचा वेळ जात नाही. हे द्रावण लोखंड खातं, म्हणून संध्याकाळी कात्र्या धुऊन तेलाचा हात द्या.

मोठ्या कापांवर आणि खोडावर 10 टक्के बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. काड्या, पानं आणि सडकी फळं गोळा करून बागेबाहेर नेऊन जाळा. ती बांधावर, ओढ्यात किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात गेली की पुढच्या पावसात रोग परत येतो. शेवटी झाडाखालच्या जमिनीवर ब्लिचिंग पावडरचं द्रावण शिंपडा, एकरी 10 किलो 400 लिटर पाण्यात. उघडी राहिलेली जुनी पावडर घेऊ नका, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. ट्रायकोडर्मासारखी जैविक औषधं त्याच आठवड्यात टाकली तर तीही मरतात.

बोर्डो मिश्रण अंदाजाने करणे

1 टक्का मिश्रणासाठी 1 किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात आणि 1 किलो कळीचा चुना 50 लिटर पाण्यात, वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांत. चुना गाळून घ्या. मग दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओता आणि लाकडी काठीने ढवळत राहा. लोखंडी भांडं चालत नाही. घासून स्वच्छ केलेला विळा मिनिटभर बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर मिश्रण आम्लयुक्त आहे, चुन्याची निवळी थोडी थोडी वाढवा. हवेत पडून राहिलेला चुना कमी जोराचा असतो, तोच वापरला की पानं करपतात आणि दोष मोरचुदाला दिला जातो. मिश्रण त्याच दिवशी संपवा आणि त्यात दुसरं कोणतंही औषध मिसळू नका.

छाटणीनंतर बिनपानाच्या झाडावर 1 टक्का, पालवी आल्यावर मात्र 0.5 टक्काच.

प्रतिजैविकावर भिस्त ठेवणे

स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनचे मिश्रण वर्षानुवर्षं तेल्यासाठी वापरलं गेलं. सारखा मारा झाला की जिवाणू त्याला दाद देत नाही, आणि माणसाच्या औषधांनाही तोच धोका पोहोचतो. केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये ते शेतीतून काढण्यासाठी पाऊल उचललं. दुकानदाराने आग्रह केला तरी ते घेऊ नका.

ओल्या बागेत काम करणे

पाऊस थांबला की मजूर लगेच बागेत जातात आणि अंगाला, कपड्यांना लागलेल्या पाण्यातून रोग ओळीभर नेतात. पानं कोरडी होऊ द्या. नत्राचा जादा डोस आणि वॉटरशूट (खोडातून सरळ वाढणारे जोमदार फुटवे) न काढणं याने बाग दाट, कोवळी होते, आत वारा खेळत नाही आणि ओल टिकते.

तेल्याची बाग दरवर्षी मृग बहारालाच धरणं हाही हट्टच. परतीचा पाऊस ओसरल्यावर पानगळ करून हस्त बहार धरला तर फळवाढ कोरड्या, थंड दिवसांत होते. मात्र उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पाणी पुरेल का, याचा हिशोब आधी करा. नवी लागवड करताना तेल्याच्या बागेतली गुटी कलमं (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेली रोपं) स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

फळं असताना डाग दिसलेच तर

कोरड्या दुपारी डागी फळं आणि पानं पिशवीत तोडा, जमिनीवर टाकू नका. खड्ड्यात पुरा किंवा जाळा. मग कॉपर हायड्रॉक्साइड 10 लिटरला 20 ग्रॅम किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड 25 ग्रॅम, स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य) घालून, सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. पावसाचा अंदाज असेल तर पाऊस येण्याआधीच उरका. निर्यातीचा माल असेल तर काढणीपूर्व कालावधी (शेवटच्या फवाऱ्यानंतर काढणीआधी सोडायचे दिवस) लेबलवर पाहूनच औषध निवडा. डाग सापडलेल्या झाडांच्या खोडाला रंगाची खूण करून ठेवा. पुढच्या छाटणीला कात्री त्या झाडांकडे सगळ्यात शेवटी न्यायची.